तात्यांचं सांगायचं राहिलं होतं

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच सांगणार होते पण तू मीटिंगमध्ये होतास आणि असलं काही मेसेजवर दोन ओळीत टाकणं मला जमत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितेय, रात्री निवांत वाच. आपले केस कापणारे तात्या गेले. मंगळवारी पहाटे, झोपेतच. पप्पा मयताला जाऊन आले. वय झालं होतं तसं, हात थरथरायला लागल्यापासून ते कात्री धरतच नव्हते, नुसते दुकानात येऊन बाकड्यावर बसायचे आणि पुढारी पेपर वाचून दाखवायचे येईल त्याला, ऐकणारा असो नसो.

तुला त्यांचं दुकान आठवतं तेवढं पुरे आहे, पण काही गोष्टी तुला माहीतच नसणार कारण तू फार लहान होतास.

तुझं जावळ त्यांनीच काढलं. जोतिबाला नेऊन काढायचं का घरी यावरून आपल्याकडं आठवडाभर वाद चालला होता, शेवटी घरीच ठरलं. तुला मामाच्या मांडीवर बसवलं आणि अर्धं डोकं झाल्यावर तू असा काही टाहो फोडलास की सगळ्या बायका गोळा झाल्या, जो तो सांगायला लागला असं धरा, तसं धरा. तात्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, धोकटीतनं रिकामी कात्री काढली आणि तुझ्या कानाजवळ नुसती वाजवत बसले, कच् कच् कच्, किती तरी वेळ. घाई नाही काही नाही. तू हुंदके देत देत ती कात्री बघायला लागलास तेव्हा मग उरलेलं अर्धं. बाकीचे आम्ही सगळे घामाघूम आणि ते म्हणाले, "वैनी, च्या टाका आता."

पुढं खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून तुला बसवायचे ते तुला आठवत असेल. समोर दोन फोटो होते, एक संत सेना महाराजांचा आणि एक शिवा काशीदचा. पन्हाळ्याची गोष्ट त्या फळीवर बसलेल्या प्रत्येक पोराला सांगायचे, १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, महाराजांसारखा पोशाख करून पालखीत बसलेला आपला न्हावी. यात त्यांची एक युक्ती होती, ती मला बाहेर बाकड्यावर बसून बसून कळली. पालखी सिद्दीच्या छावणीत पोचायची नेमकी तेव्हाच मशीन मानेवर यायची. पोरं श्वास रोखून गप्प. शिवा काशीद मारला जाईपर्यंत मानेवरचं काम झालेलं असायचं आणि पोराच्या डोळ्यात पाणी, ते मशीनमुळं नव्हे.

बाकड्यावर असं मी म्हणाले कारण आत बायका जात नसत, मी पण उंबऱ्याच्या अलीकडंच. तिथनं माझं लक्ष फक्त ब्लेडवर. तेव्हा एड्सची फार भीती होती, सगळीकडं पोस्टर लागलेली. तात्यांनी त्या काळात बापाचा वस्तरा आणि चामड्याचा पट्टा खुंटीला टांगला तो कायमचा आणि अर्ध्या ब्लेडचा नवा वस्तरा घेतला. पप्पांची दाढी करायच्या आधी ब्लेडचा कागद माझ्याकडं बघत फाडायचे, मुद्दाम. मला थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं पण मी बघायची सोडली नाही.

एकदा शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण करायचं होतं, त्यासाठी वाचताना मला सापडलं की १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं होतं, विधवा बायकांची डोकी आम्ही भादरणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे पुढं होते त्यात. मी कौतुकानं तात्यांना सांगितलं. मला वाटलं छाती फुगेल. तर त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "आनि त्येंचं बुडाल्यालं पैसं कुनी दिलं?" मी काय सांगणार, पुस्तकात तसलं काही नव्हतं. मग सांगितलं की त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती पण लोखंड्यांनीच झगडून मिळवली. यावर मात्र खूप हसले. म्हणाले, "म्हंजे सगळ्यास्नी आइतवार सुट्टी आनि आमाला आइतवारी मरायला सवड न्हाई, ही त्येंचीच किरपा व्हय!" खरंच होतं की ते. रविवारी मटणाची रांग संपली की तिच्यातलीच माणसं तात्यांच्या दुकानात, दुपारी दोन वाजेपर्यंत तात्यांच्या पोटात काही नसायचं. सोमवारी बंद. श्रावणात निम्म्या पेठेच्या दाढ्या वाढलेल्या, धंदा बसलेला, त्यातच श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी म्हणून आणखी एक दिवस बंद, आणि मग गणपतीच्या आदल्या दिवशी एकदम झुंबड. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा वेगळंच चालायचं.

तू धोनीसारखे केस वाढवायला निघालेलास ते तर विसरणं शक्य नाही. पप्पांनी कॉलर धरून नेलेलं आणि तू खुर्चीत बसून वाद घालत होतास की पाकिस्तानचा मुशर्रफ स्वतः धोनीला म्हणाला केस कापू नकोस. तात्या शांतपणे फडकं झटकत म्हणाले, "मुशर्रफ तकडं राष्ट्रपती असंल, हितं तुजी आई हाय." कापले मात्र अगदी थोडेच. पप्पांना मागून दिसत नाही एवढेच. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, तुझ्या बाजूनं होते ते.

पण मला त्यांचं खरं मोठेपण कळलं ते आबा आजारी पडले तेव्हा. अर्धांगानंतर आबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, बोलता यायचं नाही, आणि तुला माहिताय ते किती टापटीप, दाढी वाढलेली त्यांना सहन व्हायची नाही. तात्या एक दिवसाआड संध्याकाळी यायचे. गरम पाण्यात पंचा पिळून आधी तो गालावर, मग फेस, मग ज्या बाजूची कातडी लोंबत होती ती डाव्या अंगठ्यानं कानाकडं ताणून इतक्या हलक्या हातानं वस्तरा फिरवायचे की आबा डोळे मिटून घ्यायचे. आणि तोंड सतत चालू. महापालिकेची निवडणूक, उसाचा दर, तालमीचा फुटबॉल. मधेच थांबायचे आणि "व्हय व्हय, तसंबी असंल, पर माजं काय म्हननं हाय आबा" असं करून पुढं बोलायचे, जणू आबांनी काही आडवं उत्तर दिलंय. आबांच्या डोळ्यात हसू दिसायचं. डॉक्टरांपासून सगळे आम्ही आबांबद्दल आबांच्या देखत बोलत होतो, त्यांच्याशी कोण बोलत नव्हतं.

आणि पैसे घ्यायचे. दुकानातला दर तोच, वर काही नाही, कमी पण नाही, वहीत लिहून आबांना वही दाखवायची. पप्पा जास्त द्यायला गेले तर घेतले नाहीत. फुकट केली असती तर आबांना ते सोसलं नसतं. आबा बरे होते तोवर गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, तात्यांच्या घरी जायचाच, त्यांच्या बापाला बलुत्याचं धान्य मिळायचं ती सवय आबांनी सोडली नव्हती. तात्या तो घ्यायचे पण मला एकदा म्हणाले होते, वैनी, रोख पैशात जे बरं वाटतं ते पोत्यात वाटत न्हाई. आबांच्या दहाव्याला नदीवर पप्पांचे केस त्यांनीच काढले, त्या दिवशी मात्र एक शब्द बोलले नाहीत.

नंतरचं तुला साधारण माहीत आहे. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, खुर्ची गंजली ती त्यांनी स्वतः घासून रंगवली. मग कोरोना. २८ जूनला दुकानं उघडायला परवानगी आली तीसुद्धा फक्त कटिंगची, दाढी नाही, आणि तात्यांकडं येणारी निम्मी माणसं दाढीवालीच म्हातारी. तेव्हापासून जे उतरलं ते उतरलंच. मुलगा शिरोली एमआयडीसीत आहे, तो काही दुकान चालवणार नाही आणि का चालवावं त्यानं, तात्यांनीच त्याला आयटीआयला घातला होता.

त्याचा नंबर पप्पांनी तुला पाठवलाय, रविवारच्या आत फोन कर. काही लागलं तर सांगा वगैरे म्हणू नकोस, मानी आहेत ती माणसं, नुसतं बोल.

आता एक भानगड. दुकान सोडायचंय म्हणून ती खुर्ची तो भंगारात देणार होता तर पप्पा म्हणाले आम्ही घेतो. न विचारता! एवढी लोखंडी अवजड खुर्ची, चार माणसं लागतील उचलायला, ठेवायची कुठं? म्हणे व्हरांड्यात ठेवू, पेपर वाचायला बरी. व्हरांड्यात माझ्या कुंड्या आहेत. माझं ते ऐकत नाहीत, तूच बोल त्यांच्याशी, आणि हॉलमध्ये तर मी अजिबात येऊ देणार नाही हे पण सांग.

तुझी,
आई