उजनीची टक्केवारी दिवाळीनंतर पण छापा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज एक छोटी चौकट असते, धरणातला पाणीसाठा, कोयना इतके टक्के, खडकवासला इतके, उजनी इतके. पावसाळा संपला, दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या की ती चौकट गायब. धरण भरलं, बातमी संपली असं तुमचं गणित असेल, पण माझी पंचाईत तिथनंच सुरू होते, कारण मला ती चौकट फ्लेमिंगोसाठी लागते. हसू नका, सांगतो.

मी वजनकाट्यांचा सर्व्हिस इंजिनिअर आहे. साखर कारखान्याच्या गेटवर उसाचा ट्रॅक्टर ज्यावर उभा करतात तो मोठा काटा बिघडला की आम्हाला फोन. गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होतं ते मार्च, कधी एप्रिलपर्यंत, आणि त्यात काटा बंद म्हणजे बाहेर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग आणि आत सगळ्यांच्या शिव्या, त्यामुळे हे पाच महिने मी घरी कमी आणि इंदापूर, नगरकडचं कर्जत, बार्शी, निफाड असा लॉजवर जास्त असतो. आणि नेमके ह्याच पाच महिन्यांत बाहेरदेशचे पक्षी आपल्याकडे मुक्कामाला असतात. ताडोबाचं बुकिंग माझ्या नशिबात नाही, गुरुवारी मी कुठल्या तालुक्यात असेन ते बुधवारी रात्री कळतं. म्हणून मी पहाटेचे दोन तास धरले. थंडीत सात वाजता उजाडतं, कारखान्याचे साहेब दहाला येतात, मधला वेळ माझा. (लॉजचं शटर पहाटे पाचला उघडून घेणं हे फोटो काढण्यापेक्षा अवघड काम आहे, तो पोरगा कायम शटरच्या आतल्या बाजूला गादी टाकून झोपलेला असतो.)

आता टक्केवारीचं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला फ्लेमिंगो येतात हे सगळ्यांना माहीत झालंय, पण धरण १०० टक्क्यांच्या वर असताना तिथं जाऊन उपयोग नसतो. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, तो उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी करून चिखल गाळून खातो, धरण काठोकाठ भरलेलं असलं तर तो उभा कुठं राहणार? पुण्याची मंडळी नोव्हेंबरात हौसेनं जातात, कुरव (सीगल) बघतात, मासे खातात आणि काही नव्हतं म्हणत परत येतात. जसजसं कालव्याला, नदीला पाणी सुटतं तसा काठाचा गाळ उघडा पडतो, मग जानेवारी-फेब्रुवारीपासून कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला खरी मजा. म्हणजे पक्षी कधी येणार हे कॅलेंडरपेक्षा आवर्तनावर, म्हणजे धरणातनं पाणी कधी सोडतात त्यावर जास्त ठरतं. उजनी तर उणे टक्क्यातही जाते, कारण टक्के मृतसाठ्याच्या, म्हणजे तळाच्या राखीव पाण्याच्या वरचे मोजतात आणि तिचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या आसपास आहे, आणि फार खाली गेली की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. ते देऊळ उघडं पडलं की तुम्ही मोठा फोटो छापता, पण त्याच्या आधीचे तीन महिने पाणी कसं उतरत गेलं त्याची एक ओळ नसते. आकडे ऑनलाइन मिळतात हे मलाही माहितीये, पण लॉजवर नेट कधी चालतं कधी नाही, पेपर मात्र सहाला टपरीवर येतोच.

नवीन गावात जागा कशी शोधतो हे लोक विचारतात. ईबर्ड म्हणून पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट आहे, तिथं हॉटस्पॉट बघतो, चांगली सोय आहे, पण पुण्या-मुंबईभोवती खुणांची गर्दी आणि तालुक्याच्या बाजूला मैलोन् मैल काही नाही. तिथं पक्षी नसतात असं नाही, बघून नोंद करणारा माणूस नसतो. मग मॅपवर सॅटेलाइट लावून पाझर तलाव शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या ड्रायव्हर लोकांना विचारायचं. विचारायचं कसं ते मात्र शिकायला लागलं. "इथं वन्यजीव कुठं बघायला मिळतात" म्हटलं की ते तोंडाकडे बघतात. "ह्या वर्षी लांडग्यानं मेंढरू कुणाचं नेलं?" असं विचारा, तीन जण एकदम बोलायला लागतात. धनगराला तर माळावरचं सगळं माहीत असतं, पखुर्ड्या (माळावरचे कबुतरासारखे पक्षी) सकाळी कुठल्या डबक्यावर पाण्याला उतरतात तेसुद्धा, आणि त्या वेळ पाळतात, उशीर झाला की गेल्या.

मोठी लेन्स माझ्याकडे नाही, जुना निकॉन पी९०० आहे, टूलबॅगेत लोडसेलच्या (काट्याच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) शेजारी मावतो. उशीच्या अभ्र्यात दोन किलो ज्वारी भरून गाडीच्या खिडकीवर ठेवतो आणि त्यावर कॅमेरा. गाडीतून खाली उतरायचं नाही एवढा एकच नियम, गाडीला प्राणी फारसे बिचकत नाहीत, दोन पायांवर उभा माणूस दिसला की पळाले. कर्जतजवळचं रेहेकुरी असंच, सव्वादोन चौरस किलोमीटरचं इवलंसं अभयारण्य, पण आजूबाजूच्या शेतातसुद्धा काळवीट उभे दिसतात. सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नज, तिथंही काळवीट भरपूर, माळढोक मात्र अकरा वर्षांत एकदाही दिसला नाही, त्याच्या चित्राचा बोर्ड तेवढा दरवेळी दिसतो. निफाडला काम निघालं की नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथं बदकांचा नुसता कलकलाट असतो. पण मला विचाराल तर इंदापूर-बारामतीकडचा उघडा माळ सगळ्यात भारी. सरकारी कागदावर असल्या जमिनीला पडीक म्हणतात, आणि त्या पडीकावर खोकड (छोटा कोल्हा), चिंकारा, लांडगा, संध्याकाळी जमिनीवर उतरणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी. आता वनखात्यानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला ग्रासलँड सफारी सुरू केलीय, बरं झालं, निदान कुणीतरी त्याला पडीक म्हणायचं थांबलं.

एक चूक कबूल करायची आहे. चार वर्षांपूर्वी एका कारखान्यापासून जवळच मला खोकडाचं बीळ सापडलं, तीन पिल्लं, सकाळच्या उन्हात एकमेकांचे कान ओढत बसलेली. मी फोटो ग्रुपवर टाकला आणि कुणीतरी विचारलं म्हणून लोकेशनपण टाकलं, मनात काही नव्हतं, कौतुक. पुढच्या रविवारी तिथं सात-आठ गाड्या होत्या असं मला काट्यावरच्याच माणसानं सांगितलं, एक जण तर बिळाच्या तोंडाशी पालथा पडून फोटो काढत होता म्हणे. नंतरच्या फेरीला गेलो तर बिळावर कोळ्याचं जाळं. आई पिल्लं घेऊन हलली असेल, असं मी समजतो. तेव्हापासून बीळ, घरटं, लांडग्याची जागा कुणालाच सांगत नाही, बायकोला पण नाही, ती विचारत नाही हा भाग वेगळा.

म्हणून पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरला, तुम्ही "आपल्या जवळची ठिकाणं" वगैरे पान काढाल तर मेहेरबानी करून तलाव, धरणं, पाणथळी एवढीच द्या, पाणी मोठं असतं, चार माणसं जास्त आली तरी पक्षी पलीकडच्या काठाला जाऊन बसतात. माळावरच्या जागा नावानिशी देऊ नका, सफारीचे रस्ते आहेत तेवढे पुरेत.

आणि ती चौकट. पहिल्या पानावर नको, बाजारभावाच्या खाली चार ओळींची जागा चालेल, रोज नको, आठवड्यातून एकदा सोमवारी. उजनी, जायकवाडी, वीर आणि नांदूर मध्यमेश्वर एवढी चार नावं असली तरी माझं भागतं.

आपला,
एक काटेवाला वाचक, पुणे (सध्या मुक्काम इंदापूर)