गाणं अख्ख्या बँडचं, मग नाव एकाचंच का?

संपादक महोदय, नमस्कार.

तुमची रविवारची पुरवणी आमच्याकडे कित्येक वर्षं येते आणि गाण्यांचं पान मी सगळ्यात आधी उघडतो, पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून शेवटी लिहायला बसलो. कुठल्याही बँडबद्दल काही छापून आलं की गायकाचा फोटो मोठा, नाव मोठं आणि बाकीचे सगळे 'साथीला'. आपल्याला सवयच तशी लागलीय, संगीतकार अमुक, गीतकार तमुक, गायिका अमुक. सिनेमाच्या गाण्याला ते ठीक असेल, पण बँडमध्ये गाणं बनतंच वेगळ्या पद्धतीनं.

दिल्लीचा इंडियन ओशन हा बँड घ्या. २००० सालचा त्यांचा 'कंदिसा' अल्बम मी किती वेळा ऐकलाय त्याचा हिशोब नाही. त्यात केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, गोरख पांडेंची कविता आहे आणि 'मा रेवा' आहे, जे बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या राहुल राम यांनी नर्मदा आंदोलनात असताना तिथल्या लोकांकडून उचललं (ती नर्मदा आपल्या नंदुरबारला लागूनच वाहते, म्हणून ते गाणं मला जास्तच जवळचं). आता सांगा, याचा संगीतकार कोण लिहिणार? ही मंडळी एका खोलीत बसून तासन् तास वाजवत राहायची, कुणी गिटारवर काही धरलं की दुसरा त्यावर तबला टाकणार, तिसरा बेस, असं करत करत गाणं उभं राहायचं. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ही प्रॅक्टिस चालायची त्याचा पत्ताच पुढे अल्बमचं नाव झाला, '१६/३३० खजूर रोड'.

या 'खजूर रोड' अल्बमबद्दल अजून थोडं लिहितो कारण माझा जीव त्यात अडकलाय. तबला वाजवता वाजवता गाणारे अशीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले, त्यांचा आवाज आधीच रेकॉर्ड झालेला होता. बाकीच्यांनी जुलै २०१० पासून दर महिन्याला एक अशी सात गाणी इंटरनेटवर चक्क फुकट दिली, कुणाही रेकॉर्ड कंपनीच्या दारात न जाता. आणि अशीमदांच्या जागी एक माणूस पुरला नाही, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी असे दोघं घ्यावे लागले. पुढे २०१४ च्या 'तंदानू'त तर त्यांनी बाहेरच्या सात जणांना बोलावलं, शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, सेल्वागणेश अशी मोठी माणसं, आणि प्रत्येक पाहुण्याबरोबर एक गाणं केलं. इतकी मोठी नावं येऊनसुद्धा ते ऐकताना बँड इंडियन ओशनच वाटतो, हे मला फार मोठं वाटतं, कारण एकमेकांचं ऐकायची सवय असल्याशिवाय ते जमत नाही.

आमचाही पाच जणांचा छोटा बँड आहे, शनिवार-रविवार एका मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवतो. मागे एका स्पर्धेचा फॉर्म भरला तर त्यात 'संगीतकार' पुढे एकाच नावाची जागा. आम्ही पाचही नावं बारीक अक्षरात कोंबली, तर त्यांनी पहिलं तेवढं छापलं आणि आमच्या ड्रमरचं, ज्यानं त्या गाण्याचा अख्खा ठेका बांधला होता, त्याचं नाव गेलं. तो काही बोलला नाही पण पुढचे दोन रविवार आला नाही. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो मला.

म्हणून मनापासून विनंती, तुम्ही पुढच्या वेळी कुठल्या बँडच्या अल्बमवर लिहाल तेव्हा कोण काय वाजवतं ते सगळ्यांच्या नावासकट द्या, गाणं कसं बनलं ते त्यांना विचारा, रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाचंही नाव टाका. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

आपला,
एक नेहमीचा वाचक, पुणे