दादाच्या दंडातला रॉड

सोलापूर
१८ जानेवारी

प्रिय सुधीर,

"हात मोडला तर प्लास्टर घालायचं, रॉड कशाला?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं तसं खरं आहे. दंडाच्या हाडाला पायासारखा अंगाचा भार पेलायचा नसतो. थोडं वाकडं जुळलं तरी खांदा नि कोपर सांभाळून घेतात, म्हणून पुष्कळांचं ब्रेसवर, म्हणजे बाहेरून बांधायच्या आधारपट्ट्यावर, भागतं. पण दादाचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, मधला तुकडा सुटा. अक्कलकोट रोडला खडीवर गाडी घसरली. गाडीला साधा ओरखडा नाही! अण्णांनी हाडवैद्याचं नाव काढलंच. वहिनी म्हणाली, "तुमचा गुडघा न्या त्याच्याकडे." विषय संपला.

डॉक्टरांनी आधी दादाला मनगट वर उचलायला लावलं, अंगठा ताठ करायला लावला. मोडलंय दंडात आणि हे मनगटाचं काय काढलं, असं मला वाटलं. तर रेडियल नावाची नस दंडाच्या हाडामागून वळसा घालून उतरते. ती दुखावली की मनगट लुळं पडतं. बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप सुधारतं, पण ऑपरेशनआधी कागदावर नोंद हवी, नाहीतर नंतर नुसते वाद. दादाची नस शाबूत निघाली.

हाडावर धातूची प्लेट बसवायची तर मोठा छेद घ्यायचा आणि ती नस जपत काम करायचं. रॉड खांद्याजवळच्या लहान छेदातून, सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, हाडाच्या पोकळीत उतरवतात. वर-खाली आडवे स्क्रू घातले की हाड गरकन फिरत नाही. मोडलेली जागा सहसा उघडावी लागत नाही, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा फारसा विस्कटत नाही. ही पद्धत रुजवली जर्मनीच्या गेरहार्ड क्युंचरनं, १९३९ साली, मांडीच्या हाडापासून.

एक गोष्ट मात्र नातेवाईक कानावरच घेत नाहीत. रॉडची वाट खांद्याच्या स्नायुबंधातून जाते, म्हणून खांदा दुखणं, आखडणं हे प्लेटपेक्षा जास्त. आमच्याकडेही सगळ्यांचे प्रश्न दोनच, खर्च किती नि घरी कधी. आता फिजिओवाल्या ताई दादाला वाकून हात झुलवायला लावतात आणि तो लहान पोरासारखा तोंड वाकडं करतो. सिगारेट वहिनीनं बंद केलीय. धुरानं हाड जुळायला उशीर लागतो, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं ते फार बरं झालं.

त्याचं खरं दुःख वेगळंच. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच जड काठी, पेलणारा माणूस, यंदा गळ्यात झोळी अडकवून कडेला उभा! गर्दीत धक्का लागेल म्हणून मी नको म्हणत होतो, तरी गेलाच. पुढच्या वर्षी पेलता येईल का, म्हणून डॉक्टरांना गाठलं. हाड जुळायला साधारण तीन-चार महिने, मग एक्स-रे, आणि मग खांद्यात ताकद किती परत येते त्यावर ठरेल, एवढंच ते बोलले. दादानं त्याचा अर्थ 'हो' असा घेतलाय.

रॉड पुढं काढावा लागतो का, असं काकू विचारत होत्या ना? त्रास नसेल तर तो तसाच राहू देतात, त्यांना सांग. शेंगाचटणी कुरिअरनं पाठवतोय.

तुझा,
महेश