उपाशी येऊ नका, गोळ्यांची स्ट्रिप सोबत आणा

संपादक महोदय,

दाताच्या दवाखान्यात ‘काही आजार आहे का?’ असे विचारले की बहुतेक वेळा ‘नाही’ असेच उत्तर येते. ‘रोजची गोळी कोणती चालू आहे?’ असे विचारल्यावर मग एक शुगरची, एक बीपीची निघते. गोळी चालू आहे म्हणजे आजार नाही, असा हा हिशेब. गोळीचे नाव विचारावे तर ‘पांढरी, बारीक’. दुकानदाराने स्ट्रिप कापून चार गोळ्या दिलेल्या असतात आणि नाव छापलेला तुकडा दुकानातच राहिलेला असतो. ऊसतोडीला गेलेल्यांची गोळी फडावर महिनोन्‌महिने तुटते, ते वेगळेच.

सगळ्यात जास्त घोळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. दाढ काढायची म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चार-पाच दिवस आधीच बंद करून लोक येतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) असलेल्याने असे करणे जिवावर बेतू शकते. एक-दोन दाढांसाठी या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. गॉजचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरला, टाका घातला, गरज पडली तर खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज ठेवला की रक्त थांबते. स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर मात्र दंतवैद्याच्या हातात काही उरत नाही. हृदयाची झडप बदललेल्यांचे वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम हे रक्त पातळ करणारे औषध चालू असते. त्यांची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी शक्यतो आदल्या चोवीस तासांतली हवी आणि आकडा 3.5च्या वर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दाढेला हात लावू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अशांना अर्धा ते एक तास आधी 2 ग्रॅम ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक द्यावे लागते, झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. इथे आम्हा दंतवैद्यांचीही एक चूक होते. दाढ काढल्यावर सवयीने लिहिलेले मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक वॉरफॅरिन, ॲसिट्रॉमचा जोर वाढवते आणि दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा सुरू होते.

शुगरवाल्यांचा गैरसमज उलटाच. दाढ काढायची म्हणून ते उपाशी येतात, पण गोळी किंवा इन्सुलिन घेऊन येतात. मग खुर्चीवरच घाम, थरथर. शुगर 70च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. नाश्ता करून, नेहमीचे औषध घेऊन सकाळीच यावे. चाळिशीच्या आतच दात हलू लागले, हिरडीत पुन्हा पुन्हा पू होऊ लागला तर शुगर तपासावीच. कित्येकदा मधुमेह तिथेच पहिल्यांदा कळतो.

बीपी आल्या आल्या मोजू नये. दुखण्याने, भीतीने ते चढलेले असते. पाच मिनिटे बसवून मोजावे. तरीही 180/110च्या वर असेल तर तेवढे दुखणे कमी करून आधी फिजिशियनकडे पाठवावे. ॲमलोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या हिरड्या सुजतात, तेव्हा नुसते दात साफ करून भागत नाही. गोळी बदलता येईल का हे ती लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारावे लागते.

हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा घेतलेले झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन तर कुणी सांगतच नाही, कारण ते ‘रोजचे’ नसते. त्यानंतर दाढ काढली तर काहींची जखम भरत नाही, जबड्याचे हाड उघडे पडते.

औषध दुकानदारांनी कापलेल्या स्ट्रिपच्या पाकिटावर गोळीचे नाव आणि मिलिग्रॅम पेनने लिहून द्यावेत, एवढी विनंती.

– एक दंतवैद्य, परभणी