फादरांच्या निरोपाला शाल-श्रीफळ नको, ज्वारी आणा

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

फादरांच्या बदलीचे पत्र आले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक झालेच आहे. जूनमध्ये ते नव्या धर्मग्रामाची जबाबदारी घेतील. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात निरोपाचा कार्यक्रम ठेवला आहे. परिषदेच्या बैठकीत सत्काराच्या वर्गणीचा विषय निघाला तेव्हा कुणी सोन्याची साखळी सुचवली, कुणी मोटारसायकल. फादरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि हार, शाल, पाकीट यातले काहीच घेणार नाही, असे स्पष्ट सांगितले. जे द्यायचे ते ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांच्या ताटात पडू द्या, एवढीच त्यांची इच्छा आहे. ती पाळायची असे एकमताने ठरले, म्हणून हे आवाहन.

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी ठरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आजी-आजोबांचे हातपाय चालत असतील तर लेकरू गावात राहते. नसतील तर ट्रॉलीत बसून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जाते, आणि नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फडाच्या बांधावर बसते. एकदा सुटलेली शाळा तिला पुन्हा सापडत नाही. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती मोलाची आहे. पण टोळ्या निघाल्यानंतर तिथले जेवण सुरू व्हायला पुष्कळदा उशीर होतो. त्या मधल्या दिवसांत मुलांना आपल्या सभागृहात ठेवून घ्यायचे, दोन वेळा जेवू घालायचे आणि सकाळी शाळेत पोहोचवायचे, हे काम फादरांनी आपल्याकडून सुरू करून घेतले. मूल कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे तिथे कधी विचारले गेले नाही आणि पुढेही विचारले जाणार नाही.

फादरांची निळ्या पुठ्ठ्याची वही अनेकांनी पाहिली असेल. टोळी निघण्याआधी ते स्वतः वस्तीवर जाऊन बसत आणि प्रत्येक कोयत्यामागे, म्हणजे तोडणीच्या जोडप्यामागे, एक ओळ लिहीत: जोडप्याचे नाव, मुकादम, कारखाना, उचल किती, पोरं कुठं. हंगाम संपला की त्याच पानावर टनेज (तोडलेला ऊस) आणि खाडे (गैरहजेरीचा दंड) चढत. दुखण्यामुळे फडात न गेलेल्या दिवसांचे खाडे दुपटीने लावले गेले आहेत, हे बायकांना या वहीमुळेच दाखवून देता आले. हिशेबाला बसताना वही समोर असली की मुकादमाचा आवाजही खाली येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या बायका आपल्या आसपासच्याच होत्या. खाडा पडेल या धाकाने अंगावर काढलेले दुखणे कुठवर जाते, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

टोळ्या निघण्याआधीच्या मिस्सात फादर दरवर्षी याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय वाचत. शेताची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक देवाच्या कानी गेली आहे, असे त्यात लिहिले आहे. आपल्या चर्चमध्ये हे वाचन ऐकणाऱ्यांचे हातच कोयत्याचे आहेत. आणखी एक गोष्ट त्यांनी आपल्याला शिकवली, ती १० ऑगस्टची. १९५० साली त्या तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. दरवर्षी त्या दिवशी तहसीलवर आपण निवेदन देतो. फादर गेले तरी यंदाही द्यायचेच आहे.

आता मागणे. प्रत्येक घरामागे किमान एक पायली ज्वारी हवी. यंदाची रब्बीची असेल तर उत्तम, दिवाळीपर्यंत टिकेल. तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे जे जमेल ते आणावे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांनी पैसे पाठवावेत, त्यातून सतरंज्या, पांघरुणे आणि गॅसची सोय होईल. ज्यांचे यंदा पिकले नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, त्यांचा वेळही तितकाच हवा आहे. रात्री मुलांजवळ झोपायला दोन बायका आणि एक बाप्या लागतो, पाळ्या लावाव्या लागतील. सगळ्यात मोठी गरज वही लिहिणाऱ्यांची आहे. दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींनी पुढे यावे. बदलीपूर्वी फादर त्यांना सोबत घेऊन वस्त्यांवर फिरणार आहेत.

धान्य रविवारी मिस्साआधी सभागृहात मापून घेतले जाईल. रोख रकमेची पावती न्याय समितीच्या सदस्यांकडून तिथेच मागून घ्यावी. जमा-खर्च दर महिन्याला चर्चच्या फलकावर लागेल. शेजारच्या बौद्ध आणि मुस्लिम वस्तीतील मंडळींनीही मदत देऊ केली आहे, त्यांनाही रविवारच्या जेवणाचे अगत्याचे निमंत्रण आहे. जेवण साधे आहे, भाकरी आणि आमटी. येताना आपापली ताटे आणावीत.

आपले,
धर्मग्राम परिषद व न्याय समिती