'गेट'वरून झालेलं भांडण

प्रिय दोस्ता,

चार महिने पत्र नाही, तू रागावला असशील तर ते रास्तच आहे. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते एका कारणानं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

माझ्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोराची मुलाखत होती. त्याला विचारलं, "डिड यू गेट द क्वेश्चन?", म्हणजे प्रश्न कळला का. हा म्हणाला, "नो सर, नोबडी गेव्ह मी." समोरचे हसले. परत येऊन मलाच म्हणतो, "सर, माझं चुकलं." त्याची वही उघडली. 'गेट = मिळणे', लाल शाईनं दोनदा अधोरेखित, आणि खाली माझी सही.

'गेट'वरून आपलं भांडण झालं तेव्हा तू घसा फोडून सांगत होतास, सुटा शब्द देऊ नकोस, आख्खं वाक्य दे. मी तुला पोपटपंचीचा पुजारी म्हटलं होतं. दोन दिवस अबोला, मग ताईनं मिटवलं. तू बरोबर होतास. (हे कापून भिंतीला लाव, पुन्हा लिहून मिळणार नाही.)

त्या रात्री झोप लागली नाही. बघ, 'लागली'! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, पोर रडायला लागतं, आणि अमुक माझा मामा लागतो. 'लागणे म्हणजे स्पर्श होणे' असं कुणी परक्याला लिहून दिलं, तर तो मामाचं काय करील?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसती वाक्यं लिहिली. 'गेट टायर्ड' म्हणजे दमणं, 'गेट होम' म्हणजे घरी पोचणं, 'गेट द जोक' म्हणजे विनोद कळणं, 'गेट इट रिपेअर्ड' म्हणजे दुरुस्त करून घेणं. आपल्याकडे दर वेळी क्रियापद वेगळं, त्यांचं एकच. मला त्यात एक धागा दिसला: आधी नव्हतं ते आता झालं. हातात आलं, अंगात आलं, डोक्यात शिरलं. मी खूश. तेवढ्यात तोच पोरगा विचारतो, "मग 'आय हॅव गॉट टू गो'?" तिथं नुसती सक्ती, जावंच लागणार. धागा तुटला. (आणि आपलं 'लागणे' इथंही हजर!)

आता घोर हाच आहे. धागा सांगावा तर ती पुन्हा 'गेट = मिळणे'सारखीच एक ओळ होऊन वहीत बसते. न सांगावा तर शेकडो वाक्यं सुटी पडतात, आणि पोरांच्या हाताशी वेळ नाही. इतकी वर्षं किती वह्यांवर ती सही केली असेल, ते मोजवत नाही.

एक गोष्ट मात्र साधली. 'गेट' इंग्रजीत जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आला, पण त्याचा भाऊबंद 'फरगेट'मध्ये आधीपासूनच बसला होता. 'फरगेट'चा मूळ अर्थ पकड सुटणं, असं सांगितलं तेव्हा पोरगा मुलाखतीनंतर पहिल्यांदा हसला. म्हणाला, "म्हणजे माझी पकड सुटली होती." मला मात्र हसू आलं नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा खोकला गेला का? धाकटीला आशीर्वाद.

पुढच्या महिन्यात त्याची दुसरी मुलाखत आहे. तुझ्या त्या वाक्यांच्या जुन्या वह्या माळ्यावर असतील तर काढ आणि पाठव. वाळवीनं खाल्ल्या असतील तर उरलेली पानं तरी पाठव.

तुझाच,
भांडखोर