आनंदाची बातमी कोणाला सांगायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आकर्षणाच्या मानसशास्त्रावरची आपल्या रविवार पुरवणीतली लेखमाला मी एकही भाग न चुकवता वाचली. कनिष्ठ महाविद्यालयात २८ वर्षं मी हाच विषय शिकवला, त्यामुळे वाचताना जुनी ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटलं. गेल्या रविवारी आपण लेखमाला संपल्याचं जाहीर केलंत. ती इतक्यात संपायला नको होती, म्हणून हे पत्र. दोन माणसं जवळ कशी येतात हे सहा भागांत आलं. जवळ आलेली माणसं एकाच छताखाली राहून लांब कशी जातात, यावर मात्र एक परिच्छेदही नाही.

आधी एक दुरुस्ती. झुलत्या पुलाच्या प्रयोगावरून लेखकाने ‘छातीत धडधडलं की प्रेम समजा’ असा निष्कर्ष काढला आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांचा अत्यंत लाडका होता. कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटते, त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेते आणि आपला फोन नंबर देते. नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. कमी उंचीच्या भक्कम पुलावर नंबर घेतलेल्या १६ पैकी दोघांनीच केला. म्हणजे धडधड पुलामुळे होत होती आणि ती तरुणीच्या नावावर जमा झाली. शरीराच्या खुणा वाचताना आपली गफलत होते, हे या प्रयोगाने दाखवलं. त्यातून प्रेम ओळखण्याची कसोटी काढणं तरुण वाचकांना चुकीच्या वाटेला लावणारं आहे.

सान्निध्य, पुन्हा पुन्हा दिसल्याने वाटणारी जवळीक, आवडीनिवडींतलं साम्य या बाकीच्या गोष्टी लेखकाने नीट मांडल्या आहेत. पण या बहुतेक प्रयोगांतली माणसं एकमेकांना नवी असतात. माझा प्रश्न बावीस वर्षं एकत्र राहिलेल्यांचा आहे. त्यासाठी मला स्वतःच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

१९९६ चा मार्च महिना. मी बोर्डाचे पेपर तपासत बसले होते. अजून चाळीसेक शिल्लक होते आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत द्यायचा होता. माझे पती कामावरून आले ते थेट खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. पायात बूट तसेच, हातात चार घड्या घातलेला कागद. त्यांनी सुचवलेला यंत्रातला एक बदल कंपनीने मान्य केला होता. दोन वर्षं ते त्यावर राबत होते, रात्री उठून आकृत्या काढत होते. ते म्हणाले, “झालं गं मंजूर.” मी मान वर केली नाही. “छान झालं,” म्हटलं, आणि पुढच्या प्रश्नाचे गुण मांडता मांडता विचारलं, “पण त्याने पगार वाढणार आहे का?”

“नाही, तसं काही नाही,” ते म्हणाले. कागद शर्टाच्या खिशात गेला. तो मी आजतागायत वाचलेला नाही.

भांडण झालं नाही की अबोला झाला नाही. घर पूर्वीसारखं चालू राहिलं, म्हणूनच मला काही कळलं नाही. दोन वर्षांनी त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीने रस्त्यात थांबवून माझं अभिनंदन केलं. मी विचारलं, “कशाबद्दल?” यांना बढती मिळून तीन आठवडे झाले होते. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो; आपण बोलायला नको होतं, असं त्यांना झालं. रात्री मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?” ते जराही न रागावता म्हणाले, “तुझे पेपर चालू होते ना.”

तेव्हा जून महिना होता.

पुढे काही वर्षांनी टिपणं तयार करताना शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम माझ्या वाचनात आलं. जोडीदार संकटात कसा वागतो यावर भरपूर संशोधन झालं होतं. आपण आनंदाची बातमी सांगतो तेव्हा तो काय करतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्यांच्या २००६ च्या अभ्यासात प्रेमात असलेल्या जोडप्यांना एकमेकांना एक चांगली आणि एक वाईट घटना सांगायला लावली होती, आणि ते संभाषण चित्रित केलं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा चौकशी केली. वाईट घटनेवर जोडीदार काय बोलला यापेक्षा चांगल्या घटनेवर तो काय बोलला याचा नात्यातल्या समाधानाशी आणि नातं टिकण्याशी अधिक घट्ट संबंध दिसला. ही जोडपी तरुण होती आणि काळ दोनच महिन्यांचा, याची मला जाणीव आहे. तरीही ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे शर्टाच्या खिशात जाणारा तो कागद आला.

या संशोधनात प्रतिसादाचे चार प्रकार केलेले आहेत. समजा, कोणी घरी येऊन सांगितलं, “माझी निवड झाली.” एक जण हातातलं बाजूला ठेवून म्हणतो, “अरे वा! कधी कळलं? कोणी सांगितलं?” दुसरा मोबाइलवरची नजर न काढता “छान” म्हणतो. तिसरा म्हणतो, “झेपेल का तुला? रोज उशीर होईल.” चौथा ते ऐकतो आणि विचारतो, “माझा चार्जर कुठे ठेवलास?” यांतला पहिलाच नात्याला बळ देतो.

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल, कारण तो वाईट माणूस नसतो. पुष्कळदा घरातलं सर्वांत काळजी करणारं माणूस तेच असतं. मुलाच्या डोक्यात हवा जाऊ नये, बायको दमून जाऊ नये, नवरा फसू नये, म्हणून ते लगेच धोके दाखवायला लागतं. धोके खरेही असतील. पण ते सांगायला उद्याची सकाळ असते. बातमी ताजी असते तो वेळ पाच-दहा मिनिटांचा, आणि त्यात पाणी ओतलं की पुढच्या वेळी ते माणूस बातमी घेऊन दुसऱ्या कोणाकडे तरी जातं. किंवा कोणाकडेच जात नाही, हे त्याहून वाईट.

दुसऱ्या प्रकारातलं “छान”ही मला आता खुपतं. कौतुक केलं की झालं, असं आपल्याला वाटतं. पण कौतुकाच्या एका शब्दाने विषय मिटतो, प्रश्न विचारला की तो पुढे सरकतो. सांगणाऱ्याला तो क्षण पुन्हा जगायचा असतो: साहेब काय म्हणाले, मग मी काय म्हटलं, तेव्हा तिथे कोण कोण होतं. हे सगळं विचारायला शहाणपण लागत नाही, हातातलं पेन खाली ठेवावं लागतं.

‘संकटात जो उभा राहतो तोच आपला’ हे मी नाकारत नाही. जेम्स कोन यांच्या २००६ च्या प्रयोगात विजेचा सौम्य झटका बसणार या भीतीत असलेल्या १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा पतीचा हात हातात असताना मेंदूतला धोक्याचा गलबला सर्वांत जास्त शांत झालेला दिसला. अनोळखी हाताने तितका नाही. हात धरणं मोलाचंच आहे. पण संकटात आपण धावतोच. नाही धावलो तर चार लोक नावं ठेवतील हेही मनात असतं. दुसऱ्याच्या आनंदापाशी थांबायची सक्ती मात्र कोणी करत नाही. तिथे जो थांबतो तो आपणहून थांबतो, आणि समोरच्याला ते बरोबर समजतं.

जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्याकडे असंच बारकाईने पाहिलं. एकाने “तो पक्षी बघ” म्हटल्यावर दुसरा बघतो की नाही, एवढंच. त्यांच्या नोंदीनुसार सहा वर्षांनी एकत्र असलेल्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती, विभक्त झालेल्यांनी ३३ वेळा. वर्गात हे आकडे मी फळ्यावर लिहीत असे, आणि दर वेळी हात जड होई.

संपादक महोदय, लेखमालेचा सातवा भाग या विषयावर छापावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपले वाचक जोडीदार शोधणारे जितके आहेत, तितकेच जोडीदार शेजारच्या खोलीत असलेलेही आहेत.

माझ्या पतींना पुन्हा बोलतं करायला फार वर्षं लागली. सुरुवातीला मी प्रश्न विचारले की ते संशयाने पाहत. हिला नक्की काय हवंय, असं त्यांना वाटे. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ते फिरून आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले. पायात बूट तसेच होते. म्हणाले, “आज काठी नेलीच नाही.” मी आपलाच अंक वाचत होते. तो मिटला, चष्मा काढला आणि विचारलं, “कुठपर्यंत गेलात?” ते बूट न काढताच समोर बसले आणि पहिल्या वळणापासून सांगू लागले.

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र शिक्षिका